महागडी बाटली आणि ओल्या पोत्याचा वास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे जेवायला माझा मॅनेजर, त्याची बायको आणि ऑफिसातले दोन मित्र येणार होते. निमित्त काही खास नव्हतं, पण अप्रेझलचे दिवस जवळ आले होते एवढं सांगितलं तरी चाणाक्ष वाचकांना पुरे. परदेशातून येताना ड्यूटी फ्रीमधून उचललेली बोर्दोची एक रेड वाइन कपाटात दोन वर्षं आडवी पडून होती. किंमत सांगत नाही, बायको हा ब्लॉग वाचते. म्हटलं आज हिचा मुहूर्त.

बूच निघालं, ग्लास भरले. मी इंटरनेटवर वाचल्याप्रमाणे ग्लास गोल फिरवला, नाक घातलं, आणि... काहीच नाही. म्हणजे एक दमट, कोंदट असा वास आला, चव सपाट. पण मी काही बोललो नाही. मॅनेजरने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हम्म. अर्दी." लगेच मित्रांनाही त्यात मातीचा सुगंध सापडला. एकाला तर जंगल सापडलं.

बायकोची आत्या साताऱ्याहून आलेली होती. ती पीत वगैरे नाही, पण "बघू तरी काय असतं ते" म्हणून तिने माझा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच लांब केला. "जावईबापू, ह्याला भिजलेल्या पोत्याचा वास येतोय हो." सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसलो. आत्यांच्या घरचं चाळीस वर्षं भुसाराचं दुकान होतं, हे हसताना माझ्या लक्षात आलं नाही.

नंतर एका शनिवारी सहज वाचायला बसलो तेव्हा कळलं की आत्या शंभर टक्के बरोबर होत्या. त्या वासाला नाव आहे, रासायनिक सूत्र आहे. आणि वाचता वाचता मी अशा एका प्रकरणात शिरलो की पुढचे तीन वीकएंड त्यातच गेले. म्हणून हा लेख.

आधी तो वास. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं एक संयुग आहे, वाइनवाले त्याला टीसीए म्हणतात. बूच म्हणजे ओकच्या एका जातीच्या झाडाची साल, ही झाडं मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये असतात. सालीत बुरशी असते. तिची गाठ क्लोरीनयुक्त रसायनांशी पडली की ती त्यांचं रूपांतर टीसीएत करते. हान्स टॅनर या स्विस संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा गुन्हेगार पकडला. त्याआधी शेकडो वर्षं लोक नुसतंच 'बुचाचा वास लागला' म्हणत होते. याचं प्रमाण किती लागतं? एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात! तेवढ्यानेही वाइनचा मूळ गंध मरतो आणि उरतो तो ओला पुठ्ठा, तळघर, किंवा भिजलेलं पोतं. तब्येतीला अपाय काही नाही, फक्त पैसे वाया. हॉटेलात वेटर आधी घोटभर वाइन ओतून थांबतो ना, तो "आवडली का" विचारत नसतो. बाटली खराब तर नाही ना, एवढंच तपासायला सांगत असतो. मी इतकी वर्षं गंभीर चेहरा करून मान डोलवत आलोय, असो.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. वास सगळ्यांनाच आला असणार. मग एकटी आत्याच का बोलली?

याचं उत्तर शोधताना मला १९८५ सालची एक बाटली भेटली.

५ डिसेंबर १९८५, लंडन, ख्रिस्टीज. लिलाव पुकारायला मायकेल ब्रॉडबेंट, म्हणजे जुन्या वाइनमधला त्या काळचा शेवटचा शब्द. वस्तू एकच बाटली : हाताने फुंकलेली गडद काच, त्यावर कोरलेलं साल १७८७, नाव 'लाफीत' आणि खाली तीन अक्षरं, टी. एच. जे. म्हणजे थॉमस जेफरसन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि तिसरा राष्ट्राध्यक्ष. बोली चढत चढत १ लाख ५ हजार पौंडांवर थांबली. एका बाटलीला तोपर्यंत कोणी एवढे पैसे दिले नव्हते. घेणारा ख्रिस्तोफर फोर्ब्स, त्याच फोर्ब्स मासिकवाल्या माल्कम फोर्ब्सचा मुलगा. बाटली घरच्या विमानाने न्यूयॉर्कला नेली आणि फोर्ब्सच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवली. पुढच्याच वर्षी दिव्याच्या उष्णतेने बूच सुकून आकसलं आणि टुपकन आत वाइनमध्ये पडलं. दीड लाख डॉलरची वाइन, एका बल्बने संपवली. पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली वस्तू पाहुण्यांना दाखवूनच खराब झाली!

या बाटल्या आणल्या होत्या हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन गृहस्थाने. तो आधी पॉप संगीताच्या धंद्यात होता, गायकांचे कार्यक्रम वगैरे सांभाळायचा, मग वाइनचा संग्राहक झाला. त्याचं म्हणणं असं की १९८५ मध्ये पॅरिसमधलं एक जुनं घर पाडताना विटांनी बुजवलेलं तळघर सापडलं आणि त्यात या बाटल्या होत्या. घर कुठलं? सांगणार नाही. विकणारा कोण? सांगणार नाही. एकूण बाटल्या किती? तेही नक्की सांगणार नाही. (आमच्याकडे साधा सेकंडहँड मोबाइल घेताना याहून जास्त चौकशी करतात.)

पण गोष्ट पटण्यासारखी होती हे मान्य करायला हवं, कारण जेफरसन खरोखरच वाइनवेडा होता. १७८५ ते १७८९ तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता. १७८७ च्या मे महिन्यात तो स्वतः बोर्दोला गेला, मळे पाहिले, कोणाची वाइन पहिल्या दर्जाची याच्या नोंदी केल्या. त्या यादीत लाफीत, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रिओं ही नावं होती. १८५५ मध्ये फ्रान्सने अधिकृत वर्गवारी केली तेव्हा पहिल्या दर्जात हीच चार आली. माणसाला कळत होतं.

आणि याहून गमतीची गोष्ट म्हणजे जेफरसनचा व्यापाऱ्यांवर विश्वास नव्हता. त्या काळी बोर्दोचे व्यापारी नाजूक वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली दणकट एर्मिताज मिसळायचे, इंग्रज गिऱ्हाइकांना तशीच आवडायची म्हणून. ही काही चोरून केलेली भेसळ नव्हे, रीतसर चालणारा धंदा होता. पण जेफरसनला शुद्ध माल हवा होता, म्हणून तो थेट मळ्याच्या मालकांना पत्र लिहायचा आणि वाइन तिथेच बाटलीत भरून पाठवा म्हणायचा. १७९० मध्ये त्याने स्वतःसाठी आणि जॉर्ज वॉशिंग्टनसाठी एकत्र मागणी पाठवली तेव्हा खोकी वेगळी ओळखू यावीत म्हणून आद्याक्षरं टाकायला सांगितली होती. कोरीव अक्षरांची गोष्ट लोकांना पटली त्यामागे हेही एक कारण. भेसळ टाळण्यासाठी एवढा आटापिटा करणाऱ्या माणसाचं नाव दोनशे वर्षांनी कुठल्या बाटल्यांवर आलं ते पुढे येईलच.

जेफरसन हा लॉग ठेवणारा माणूस होता. रोजचा खर्च, हवामान, पाठवलेलं प्रत्येक पत्र, सगळं लिहून ठेवायचा. त्याचं घर मॉन्टिसेलो आता संग्रहालय आहे, तिथल्या संशोधक सिंडर गुडविन यांनी १९८५ मध्येच, लिलावाच्याच सुमारास, त्याच्या नोंदी तपासल्या. या बाटल्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. शिवाय जेफरसन आपली आद्याक्षरं लिहिताना टी-एचपुढे साधारणपणे दोन टिंबं द्यायचा, बाटलीवर एकच. गुडविनबाईंनी शांतपणे सांगितलं की पुरावा नाही. कोणी ऐकलं नाही. ब्रॉडबेंटसारखा माणूस एका बाजूला आणि वह्या चाळणारी एक संशोधक दुसऱ्या बाजूला. मला इथे आत्याच आठवते.

आता पाहुण्यांकडे येऊ. रोडेनस्टॉक दरवर्षी प्रचंड मेजवान्या द्यायचा. जगातले मोठे समीक्षक, हॉटेलवाले, राजकारणी, सगळे फुकटात बोलावलेले. १९९८ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात त्याने आठवडाभर शातो दिकेम या एकाच वाइनची १२५ वेगवेगळी सालं उघडली! खूप जुनी वाइन थुंकायची नाही, गिळायचीच, असा त्याचा नियम होता (चाखणारे एरवी घोट तोंडात घोळवून थुंकतात, नाहीतर दहाव्या ग्लासला आडवे होतील). १९९५ मध्ये रॉबर्ट पार्कर तिथे गेला. हा अमेरिकन समीक्षक, याच्या शंभरपैकी गुणांवर जगभर वाइनचे भाव ठरायचे. त्याने तिथल्या १९२१ च्या पेत्रूसच्या मॅग्नमला, म्हणजे दुप्पट आकाराच्या बाटलीला, शंभरपैकी शंभर दिले. पुढे चौकशी झाली तेव्हा पेत्रूसकडून सांगण्यात आलं की आमच्या माहितीप्रमाणे १९२१ मध्ये मॅग्नम भरल्याच नव्हत्या.

इथे मी बराच वेळ अडकलो. खरी जुनी वाइन कशी लागते याबद्दल जाणकार प्रामाणिक असतात तेव्हा सांगतात की बहुतेक वेळा निराशाच होते. बुचातून हळूहळू हवा जाते, फळांचा गंध संपतो, रंग विटकरी होतो, टॅनिन एकमेकांना चिकटून तळाशी गाळ बनतात. शंभर वर्षांची बाटली उघडल्यावर काही मिनिटं बरी लागते आणि ग्लासातच मरते. बहुतेक वाइन तर चार-पाच वर्षांत प्यायच्याच लायकीच्या असतात. (माझी दोन वर्षं कपाटात, पुण्याचा उन्हाळा खात पडलेली होती हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.) म्हणजे पाहुण्यांसमोर अस्सल जुनी बाटली उघडणारा हमखास तोंडघशी पडण्याची शक्यता. पण नकली बाटली? तिच्यात तरुण वाइन घातलेली असते, ती छान लागते. खऱ्याने निराशा आणि खोट्याने समाधान! अशा बाजारात कोण टिकणार ते सांगायला नको.

मधे एक छोटी, करुण गोष्ट. विल्यम सोकोलिन नावाचा न्यूयॉर्कचा वाइन व्यापारी. त्याच्याकडे जेफरसनच्या बाटल्यांपैकी एक, १७८७ ची मार्गो, विक्रीसाठी आली होती. त्याने भाव लावला पाच लाख डॉलरच्या वर. एप्रिल १९८९ मध्ये फोर सीझन्स रेस्टॉरंटमध्ये मार्गोच्या सन्मानार्थ जेवण होतं, तिथे मिरवायला तो ती घेऊन गेला. गर्दीत बाटली टेबलाला आपटली, काचेला भोकं पडली आणि वाइन गालिच्यावर. बिचारा तसाच फुटकी बाटली घेऊन घरी पळाला. विमा कंपनीने सव्वादोन लाख डॉलर दिले. दुसऱ्याची वस्तू पार्टीत मिरवायला न्यायची आणि ती फुटायची, हे आमच्याकडे लग्नात शेजारणीचा हार घालून जाणाऱ्यांना नवीन नाही.

पहिली कायदेशीर ठिणगी जर्मनीतच पडली. हान्स-पीटर फ्रेरिक्स नावाच्या ग्राहकाने आपली जेफरसनची बाटली प्रयोगशाळेत तपासून घेतली. निष्कर्ष असा की आतल्या वाइनचा जवळजवळ अर्धा भाग १९६० च्या दशकातला किंवा नंतरचा आहे. १९९२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने रोडेनस्टॉकच्या विरोधात निकाल दिला. त्याने अपील केलं, आणि शेवटी दोघांनी बाहेर तडजोड केली. दुसऱ्या एका बाटलीच्या चाचणीतून वेगळा निष्कर्ष आला म्हणून त्याच्या बाजूचे लोक निश्चिंत राहिले.

मग आला बिल कोक. अमेरिकन अब्जाधीश, तळघरात चाळीस हजारांच्या वर बाटल्या. १९८८ मध्ये त्याने जेफरसनच्या चार बाटल्या सुमारे पाच लाख डॉलरला घेतल्या होत्या. २००५ मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयात त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन भरणार होतं, तेव्हा कागदपत्रं हवीत म्हणून त्याच्या माणसांनी मॉन्टिसेलोला विचारलं. उत्तर आलं की आम्हाला नाही वाटत या जेफरसनच्या आहेत. वीस वर्षं ते उत्तर तिथेच होतं, कोणी फोन केला नव्हता इतकंच!

कोक पेटला. त्याने एफबीआयमधून निवृत्त झालेला तपासनीस नेमला. पहिली चाचणी मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. सिझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य निसर्गात नसतं, ते अणुस्फोटांतून आलं. १९४५ नंतरच्या द्राक्षांत त्याचा अंश सापडतो. फिलिप ह्युबेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने आल्प्सच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, जिथे बाहेरचा किरणोत्सार पोचत नाही, बाटली न उघडता गॅमा किरणांवरून ती मोजायची पद्धत बसवली होती. कोकच्या बाटलीत सिझियम सापडलं नाही. म्हणजे अस्सल? छे. एवढंच सिद्ध झालं की वाइन १९४५ च्या आधीची आहे. १७८७ आणि १९४५ मध्ये १५८ वर्षं आहेत. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नव्हे, त्या टेस्टला दिसणारा बग नाही एवढंच. हे वाक्य मी ऑफिसात किती वेळा ऐकलंय.

शेवटी उत्तर वाइनमध्ये नाही, काचेवर सापडलं. कोरीवकामाच्या तज्ज्ञांनी अक्षरं भिंगाखाली पाहिली. अठराव्या शतकात काच पायाने चालवायच्या चाकावर कोरत, चाक जागेवर आणि बाटली फिरवायची. इथल्या रेघा डेंटिस्टच्या ड्रिलसारख्या, हातात धरून फिरवायच्या विजेच्या हत्याराच्या होत्या. कोकने २००६ मध्ये खटला भरला. रोडेनस्टॉकने अमेरिकन न्यायालयाचा अधिकारच मानला नाही, आणि २०१० मध्ये त्याच्या गैरहजेरीत निकाल त्याच्या विरोधात गेला. २०१८ मध्ये तो वारला, शेवटपर्यंत बाटल्या खऱ्याच आहेत म्हणत. कोकने बाटल्यांपेक्षा तपासावर जास्त खर्च केला. याला काही लोक वेडेपणा म्हणतात. मला नाही वाटत. फसवले गेलेले बाकीचे श्रीमंत लोक गप्प बसले होते, कारण बोललं तर स्वतःचीच शोभा होती.

रोडेनस्टॉकचा धडा रुडी कुर्नियावान या तरुणाने जास्त चांगला गिरवला. हा मूळचा इंडोनेशियाचा, कॅलिफोर्नियात राहणारा. न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटमध्ये मित्रांना बोलावून एकाहून एक दुर्मीळ बाटल्या उघडायचा, हात सैल, स्वभाव गोड. फक्त एक सवय, रिकाम्या बाटल्या घरी पाठवा म्हणायचा. आठवण म्हणून. २००६ च्या एकाच लिलावात त्याच्या बाटल्या २.४७ कोटी डॉलरला गेल्या. २००८ मध्ये मात्र तो चुकला. बरगंडीच्या पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी या वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या त्याने विकायला काढल्या. पोन्सो कुटुंब ती वाइन १९८० च्या दशकात करायला लागलं! लोरां पोन्सो स्वतः विमानाने आला आणि लिलावाच्या जागी उभा राहून त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. मार्च २०१२ मध्ये रुडीच्या घरी धाड पडली तेव्हा छापलेली लेबलं, शिक्के, बुचं आणि मिश्रणाच्या कृती, असा पूर्ण कारखाना सापडला. दहा वर्षांची शिक्षा झाली, २०२१ मध्ये त्याला इंडोनेशियाला परत पाठवलं.

त्याच्या जेवणांना येणारे लोक अडाणी नव्हते. आयुष्यभर वाइन पिणारे होते. तरी फसले, कारण समोर बसलेला यजमान उदार होता, लेबल मोठं होतं आणि शेजारचा वा वा करत होता. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी वीस लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली. एकच वाइन, एकदा ५ डॉलरची सांगून आणि एकदा ४५ ची. महाग सांगितल्यावर लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूतला सुखाची नोंद घेणारा भागही जास्त चमकला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त छान लागत होती. माझ्या मॅनेजरला जंगल-माती सापडली तेव्हा तोही बहुधा खोटं बोलत नव्हता. माझं तसं नाही. मला वास आला होता. मी बिल आठवून गप्प बसलो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आत्यांना साताऱ्याला फोन केला. टीसीए, बुरशी, नॅनोग्रॅम असं सगळं सांगितलं, तुमचं बरोबर होतं म्हणालो, हसल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो त्यात काय. पोती भिजली की गहू पण तसाच लागतो, गिऱ्हाईक नाही नेत. दुकानदार बदलून देतो. तुम्ही बाटली परत दिलीत का?"

नव्हती दिली. उरलेली बेसिनमध्ये ओतली होती, आणि रिकामी बाटली दुसऱ्याच रविवारी भंगारवाल्याने दोन रुपयांना नेली. लेबल शाबूत होतं.